लागुशचं मिनी गोल्फ आणि 'आम्हीच पहिले' म्हणणारा पोर्तुगाल

उंडगा_सातारकर

मागच्या मे महिन्यात पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, अल्गार्वला गेलो होतो. तिथे लागुश म्हणून गाव आहे. नकाशात 'लागोस' दिसतं, पण ही मंडळी शेवटच्या 'स'चा 'श' करतात. भाड्याची गाडी जमिनीखालच्या पार्किंगमध्ये लावली, जिना चढून वर आलो तर समोर हिरवंगार मिनी गोल्फ. चिरंजीव वय वर्षं नऊ. त्या दिवशीचा पुढचा सगळा बेत तिथेच बारगळला. पोरगं दीड तास चेंडू भोकात ढकलत होतं आणि आम्ही दोघं सावलीत आइस्क्रीम खात बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या छोट्या संग्रहालयात गेलो. चौकात कमानींची एक जुनी इमारत आहे, तिला 'गुलामांचा बाजार' म्हणतात. (इमारत १७व्या शतकाच्या अखेरची. बाजार तिच्या कितीतरी आधीचा. पाटी मात्र तिच्यावर.) तिथे कळलं की २००९ साली गावकुसाबाहेर पार्किंगसाठी खोदकाम चालू असताना जुन्या उकिरड्यात दीडशेहून जास्त माणसांचे सांगाडे सापडले. सगळी आफ्रिकी माणसं. पुरुष, बायका, पोरं. काळ १५व्या ते १७व्या शतकाचा. काहींचे हात बांधलेले असावेत अशा अवस्थेत. फुटकी मडकी आणि जनावरांची हाडं यांच्यात मिसळलेले. सांगाडे अभ्यासासाठी हलवले, पार्किंग पुरं केलं आणि वर मिनी गोल्फ केलं.

बायको काही बोलली नाही. पोराने विचारलं, "म्हणजे काल आपण तिथेच होतो?" हो बाळा, तिथेच.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. आपल्याला गुलामगिरी म्हटलं की अमेरिका आठवते, कापसाचे मळे आठवतात. पण अटलांटिकच्या या धंद्याचं बारसं युरोपातच झालं, आणि त्यातली एक मोठी तारीख याच लागुशची आहे. ८ ऑगस्ट १४४४. वास्को द गामा अजून जन्मायचा होता. त्या दिवशी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेली २३५ माणसं सकाळी सकाळी जहाजांतून उतरवून गावाबाहेरच्या मैदानात उभी केली. राजपुत्र हेन्री घोड्यावर बसून बघत होता. पाचवा हिस्सा त्याचा, म्हणजे ४६ माणसं. दरबारी बखरकार झुरारा याने हे सगळं लिहून ठेवलंय. वाटे सारखे पाडायचे म्हणून बापाला पोरापासून, नवऱ्याला बायकोपासून तोडलं. आया पोरांना कवटाळून जमिनीवर पालथ्या पडत होत्या, अंगावर फटके बसत होते तरी सोडत नव्हत्या. झुराराला रडू आलं असंही तो लिहितो. आणि लगेच पुढे, या जिवांना आता मोक्ष मिळेल म्हणून राजपुत्राला किती समाधान वाटलं, हेही लिहितो. ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच बैठकीत कशी लिहिली असतील याचा मी बराच विचार केला. उत्तर नाही सापडलं.

नंतरच्या शंभर वर्षांत लिस्बनचं काय झालं बघा. १५५१ च्या एका गणतीत शहराची वस्ती लाखभर आणि त्यात गुलाम ९,९५०. दहातला एक माणूस विकत घेतलेला! हे कुठल्या दूरच्या वसाहतीतलं नाही, खुद्द राजधानीतलं आहे. घरं चुन्याने रंगवणारे, नदीकाठी हमाली करणारे, पाणी भरणारे, आणि पहाटे घरोघरची घाण डोक्यावरून नेऊन तेजू नदीत ओतणाऱ्या बायका. मेले की त्यांची प्रेतं इतस्ततः टाकली जात आणि कुत्री लचके तोडत. शेवटी १५१५ मध्ये राजा मॅन्युएलने शहराच्या कारभाऱ्यांना पत्र लिहिलं: एक खोल खड्डा खणा, प्रेतं त्यात टाका आणि वरून अधूनमधून चुनकळी टाकत जा. लिस्बनमध्ये 'पोसू दुश नेग्रुश' म्हणजे 'काळ्यांची विहीर' नावाचा रस्ता आजही आहे. तिथे आता झकास कॅफे आहेत. कॉफी चांगली मिळते, मीही प्यायलो.

आता धाग्याचा मुख्य मुद्दा. तिथल्या माणसांशी बोललात की हमखास ऐकायला मिळतं, "अहो, युरोपात गुलामगिरी सर्वांत आधी आम्ही बंद केली, १७६१ मध्ये, राजाच्या मंत्र्याने, मार्किश द पोंबालने." तारीख खरी आहे. १९ सप्टेंबर १७६१ चा हुकूम आहे. पण त्या हुकुमात लिहिलंय काय? एवढंच की यापुढे समुद्रापलीकडून जो गुलाम पोर्तुगालच्या भूमीवर उतरेल तो मोकळा. आधीपासून इथे असलेले गुलाम गुलामच. आणि कारणही हुकुमात स्वच्छ दिलंय: तिकडच्या शेतांना आणि खाणींना हात कमी पडताहेत आणि इकडे गुलामांमुळे आपली नोकर पोरं रिकामी फिरताहेत. म्हणजे माल चुकीच्या गोदामात येत होता तो थांबवला. याच पोंबालने १७५५ आणि १७५९ मध्ये ब्राझीलसाठी दोन व्यापारी कंपन्या काढल्या होत्या आणि त्यांची जहाजं आफ्रिकेतून ब्राझीलला माणसं नेत होती.

१७७३ मध्ये दुसरा कायदा आला. आज जन्मलेलं मूल स्वतंत्र, आणि ज्यांची पणजीसुद्धा गुलाम होती तेही सुटले. पण ज्याची फक्त आई किंवा आजी गुलाम होती, तो मरेपर्यंत गुलामच. म्हणजे सुटका हवी असेल तर चार पिढ्यांची वेठ सिद्ध करा! सरकारी फॉर्म कुठल्याही शतकात सारखेच.

माझं म्हणणं एवढंच की या देशाने गुलामगिरी बंद करण्याऐवजी बराच काळ तिची नावं बदलली. पुढची साखळी तर याहून भारी आहे, पण आधी तुमचं ऐकतो. इथे गोव्याचे लोक आहेत, त्यांनी नक्की लिहा.

खवचट_काका

लेख छान. पण दर वेळी युरोपलाच का धोपटायचं? रोमन लोकांकडे गुलाम होते, अरबांकडे होते, आणि आपल्या पेशवाईत कुणबिणी (म्हणजे दासी) विकत घेतल्या जायच्या त्याचं काय? वाड्यावाड्यांत होत्या. व्यभिचाराचा आळ आलेल्या बाईला सरकारजमा करून कुणबीण करायचे. आधी घरचा केर काढा.

तळटीप

काका, कुणबिणींवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. तो विषय खरंच मोठा आहे आणि आपल्याकडे त्यावर गप्पच बसतात. पण 'त्यांनीही केलं' म्हटल्याने लागुशच्या उकिरड्यातले सांगाडे कमी होत नाहीत.

लेखकाला एक दुरुस्ती. 'पोसू दुश नेग्रुश' हे नाव त्या खड्ड्यावरून पडलं असं सगळे सांगतात, पण काळे झगे घालणाऱ्या बेनेडिक्टाइन साधूंचा मठ जवळ होता, त्यांच्यावरून पडलं असंही एक मत आहे. १५१५ चं पत्र खरं आहे, त्याबद्दल वाद नाही.

आणि एक भर. लिस्बनच्या आल्फामा भागात 'शाफारीश देल-रे' म्हणजे राजाचं कारंजं आहे. पाण्यावरून तिथे इतकी भांडणं व्हायची की १५५१ मध्ये नगरपालिकेने नियम केला, कुठल्या तोटीवर कोणी पाणी भरायचं. सहा तोट्या. एक काळ्या पुरुषांना, एक गलबतावरच्या मूर कैद्यांना, एक काळ्या बायकांना, एक गोऱ्या बायकांना, अशी वाटणी. त्या यादीत काळ्यांच्या आणि मिश्र रक्ताच्यांच्या जोडीने 'इंडियु', म्हणजे इंडियाकडचे, असाही शब्द आहे, सुटलेले असोत की बांधलेले. पाणवठ्यावरची वाटणी म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं ते मी लिहीत नाही, इथे सगळे सुज्ञ आहेत.

उंडगा_सातारकर

@तळटीप, धन्यवाद, साधूंचं माहीत नव्हतं. त्या कारंज्याचं १६व्या शतकातलं एक चित्र बघितलंय. निम्मी माणसं काळी. कुणी घडे वाहतंय, कुणाला शिपाई धरून नेताहेत, आणि एक काळा सरदार झगा-तलवारीसकट घोड्यावर! तो एकटा. चित्र दाखवणारे गाइड नेमकं त्याच्याकडेच बोट करतात.

बखरवाचक

शिवाजी महाराजांचा उल्लेख यायला हवा. १६७७ मध्ये कर्नाटक स्वारीत महाराजांनी डचांना जो कौल दिला त्यात साफ सांगितलंय की आधीच्या राजवटीत तुम्ही इथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होतात, माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही. ही नोंद डचांच्याच दप्तरात आहे, आपल्या बखरीत नव्हे, म्हणून तिला जास्त वजन.

खवचट_काका

+१. बघा, हे कुणी सांगत नाही.

तळटीप

सांगतात की. या संकेतस्थळावर महिन्यातून दोनदा सांगतात :) पण नोंद महत्त्वाचीच आहे, आणि धंदा किनाऱ्यावर किती मुरला होता याचा तो पुरावाही आहे. बंदी घालावी लागली म्हणजे चालू होता.

मांडवीकाठ

गोव्याच्या लोकांनी लिहावं म्हणालात म्हणून लिहिते.

जुन्या गोव्यात 'रुआ दिरैता' म्हणजे सरळ रस्ता होता, तिथे रोज सकाळी लिलाव चालायचा. लिन्सखोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात राहिला, त्याने लिहिलंय की तिथे घोडे, गालिचे आणि माणसं एकाच बाजारात विकली जायची. पायरार द लावाल हा फ्रेंच त्यानंतर वीसेक वर्षांनी आला, त्याचंही वर्णन तसंच. भरतकाम येणारी मुलगी, मुरंबे करता येणारी मुलगी, असे गुण सांगून विकायचे. मोझांबिकची, बंगालची, चीन-जपानचीसुद्धा माणसं असायची. जपानी गुलामांवर राजा सेबास्तियांवने १५७० च्या सुमारास बंदी घातली, पण गोव्यात ती फारशी कुणी मानली नाही. आणि हा फक्त गोऱ्यांचा धंदा होता असं समजू नका. १८व्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून फ्रेंचांचा गुलामव्यापार गोव्यामार्गे चालायचा आणि त्यात आमच्या व्यापाऱ्यांनी दलाली केल्याचे कागद पणजीत मिळालेत.

आमच्याकडे 'खाप्री' (पोर्तुगीज 'काफ्र', म्हणजे काळा आफ्रिकी) ही शिवी आहे आणि देवही आहे. कारवारला खाप्री देव आहे, त्याला सिगारेट आणि दारू चढवतात. लहानपणी मला त्यात गंमत वाटायची. आणि तुम्ही मुंबई-पुण्याची माणसं गोव्याला येऊन 'चिकन काफ्रियल' मागवता ना, ते नावही 'काफ्र' वरूनच आलंय. मोझांबिकहून आलेली पाककृती. कुणी आणली असेल, सांगा बघू.

अक्षता_नाशिक

मांडवीकाठताई, काफ्रियलचं वाचून चमच्याचा घास तिथेच थांबला.

मी चॉकलेटबद्दल लिहिते, कारण लेखकाची 'नावं बदलली' ही गोष्ट तिथे नेमकी बसते. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ टोमे हे पोर्तुगीजांचं बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या सर्वांत मोठ्या कोको उत्पादकांत त्याची गणती. मळ्यांवर मजूर यायचे अंगोलातून. ते गुलाम नव्हेत हो! 'सेर्विसाइश', म्हणजे सेवक. पाच वर्षांचा करार, अंगठा, सरकारी शिक्का. पण पाच वर्षांनी परत कुणी जातच नव्हतं. करार आपोआप पुढे ढकलला जायचा. अंगोलाच्या आतल्या भागातून माणसांना पायी किनाऱ्यावर आणायचे, आणि त्या वाटेवर लाकडी खोडे पडलेले दिसायचे असं हेन्री नेविन्सन या पत्रकाराने १९०४-०५ मध्ये तिकडे जाऊन लिहिलं.

आता गिऱ्हाईक कोण? कॅडबरी. क्वेकर पंथाचं कुटुंब, गुलामगिरीविरोधी चळवळीला देणग्या देणारं. १९०१ मध्ये त्यांच्या कानावर आलं. चौकशी केली, माणूस पाठवला, अहवाल लिहून घेतला, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली. सगळं रीतसर आणि निवांत. कोकोची खरेदी थांबली १९०९ मध्ये. मधल्या आठ वर्षांत कोको येतच होता. एका लंडनच्या वर्तमानपत्राने १९०८ मध्ये यावरून टोमणा मारला तर कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने कंपनीच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग. पेनीचा चौथा हिस्सा! ज्युरीत एखादा पुणेकर असणार.

उंडगा_सातारकर

हाहा, खरंय.

आता साखळी पुरी करतो. १८३६ मध्ये सा द बांदैरा या पंतप्रधानाने पोर्तुगीज मुलखातून गुलामांची निर्यात बंद केली. माणूस प्रामाणिक होता, पण कागदाला समुद्रापलीकडे कुणी विचारत नव्हतं. १८५८ चा हुकूम: गुलामगिरी वीस वर्षांनी बंद होईल. (वीस वर्षांनी!) मग १८६९ मध्ये ती तारीख अलीकडे ओढली आणि साऱ्या साम्राज्यात 'गुलाम' ही अवस्था रद्द. ते आता 'लिबेर्तु', म्हणजे मुक्त केलेले. पण मुक्त केलेल्यांनी १८७८ पर्यंत जुन्या मालकाचीच चाकरी करायची. ते सरतंय तोवर 'सेर्विसाइश' आले. आणि १८९९ च्या कामगार कायद्याच्या पहिल्याच कलमात आलं की वसाहतीतल्या प्रत्येक 'नेटिव्हा'वर काम करण्याचं नैतिक आणि कायदेशीर बंधन आहे. स्वतःहून केलं नाही तर सरकार करायला लावेल.

ही शेवटची गाडी कुठपर्यंत धावली? १९६१! १९४७ मध्ये एन्रिक गाल्वांव या वसाहत खात्याच्याच निरीक्षकाने अंगोलाबद्दल अहवाल दिला की ही वेठ जुन्या गुलामगिरीहून वाईट आहे. गुलाम विकत घेतलेला असायचा, त्यामुळे बैलासारखं त्याला जपावं लागायचं. हा मेला तर सरकार दुसरा पाठवतं. अहवाल दडपला आणि पुढे गाल्वांवलाच तुरुंगात टाकला. (पळून जाऊन १९६१ मध्ये त्याने भर समुद्रात एक अख्खं प्रवासी जहाज ताब्यात घेतलं, ती वेगळीच कथा.) १९६१च्याच सुरुवातीला अंगोलात सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला, जगभर बोभाटा झाला आणि सप्टेंबरमध्ये 'नेटिव्ह' हा वेगळा कायदेशीर दर्जा लिस्बनने गुंडाळला. डिसेंबरात गोवा गेला.

म्हणजे १७६१ चा गौरव सांगायचा तर बरोबर दोनशे वर्षं धरून सांगा.

जाता जाता. अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेली माणसं सुमारे सव्वा कोटी. त्यातली ५८ लाखांच्या आसपास पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांवर. इंग्रजांपेक्षा जास्त. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

खवचट_काका

एवढं होतं तर आजचं पोर्तुगाल काय म्हणतं? माफी वगैरे?

उंडगा_सातारकर

काका, लिस्बनच्या लोकांनी २०१७ मध्ये नगरपालिकेच्या लोकसहभागी अंदाजपत्रकात मतं देऊन गुलामांचं स्मारक मंजूर करून घेतलं. अंगोलाच्या एका कलाकाराचं डिझाइन निवडलं, काळ्या धातूच्या उसांचं शेत. मग जागा कुठली यावर वर्षानुवर्षं घोळ. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्सेलु रेबेलु द सोझा म्हणाले की आपण जबाबदारी घेऊन किंमत मोजायला हवी. काही दिवसांत सरकारने सांगितलं, तसा काही कार्यक्रम नाही.

झिपऱ्या

(हा प्रतिसाद संपादित केला आहे. धर्मावर घसरू नका. – संपादक मंडळ)

अक्षता_नाशिक

अवांतर: आपला 'पगार' शब्द पोर्तुगीज 'पागार'वरून आलाय ना? साबण, चावी, पाव यांच्यासारखाच?

तळटीप

हो, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. ज्यांनी निम्म्या जगाला बिनपगारी राबवलं त्यांच्याकडून आपण पगार हा शब्द घेतला.

मांडवीकाठ

दोन दिवस लिहू की नको करत होते.

माझे आजोबा १९३६ मध्ये मोझांबिकला गेले, बैरा बंदरात एका कंपनीत कारकून म्हणून. तेव्हा गोव्यातल्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस तिकडे असायचा. आम्ही 'नेटिव्ह'मध्ये मोडत नव्हतो, तो कायदा अंगोला, मोझांबिक आणि गिनीसाठी. गोंयकाराला पोर्तुगीज लिहिता यायचं, हिशेब यायचा आणि गोऱ्यापेक्षा स्वस्तात मिळायचा. मधल्या टेबलावर आम्ही.

आजोबा 'शिबालो' हा शब्द वापरायचे. मोझांबिकमध्ये वेठीला शिबालो म्हणत. सरकारचा माणूस खेड्यात जाऊन मुखियाला आकडा सांगायचा, इतके पुरुष सहा महिन्यांसाठी. पळाला तर त्याच्या बायकोला धरून आणायचे. आगळीक केली तर 'पाल्मातोरिया', भोकं पाडलेली लाकडी थापी, तळहातावर. आजोबांनी कुणाला मारलं नाही, असं ते सांगायचे आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्यांचं काम सकाळी सहाला हजेरी मांडायचं. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. आमच्या घरच्या सत्यनारायणाच्या याद्यासुद्धा छापल्यासारख्या.

त्या पैशातून आमच्या घरावर मंगलोरी कौलं आली. त्यातली अर्धी अजून आहेत.

बखरवाचक

ताई, हे लिहिलंत ते सोपं नव्हतं.

खवचट_काका

मांडवीकाठ, खवचटपणा बाजूला ठेवून विचारतो. हजेरीत नावं असायची की नुसते नंबर?

मांडवीकाठ

नावं असायची काका. पण त्यांची खरी नावं कुणाला लिहिता येत नव्हती, किंवा कुणी विचारत नव्हतं, म्हणून मुकादम ठेवेल ते नाव. तिकडे तेव्हा इंग्रजी नाणंही चालायचं. आजोबांना म्हातारपणी विसर पडायला लागला, तरी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे, की एका पानावर 'सिक्सपेन्स' नावाची तीन माणसं होती आणि त्यांतला एक यायचा बंद झाला तेव्हा कोणत्या सिक्सपेन्सवर काट मारायची हे त्यांना कळेना. मग त्यांनी मधल्यावर मारली.